दीसरांची वेलांटी

जवळ ये गो सई. अशी जवळ सरक, ही लांबून ऐकायची गोष्ट नव्हे. पण तू कुठली जवळ येणार! डिचोलीत तुझं पाऊल पडून किती वर्षं झाली, आठवतं तरी का? मावशीची आठवण येते ती फोनवर, तीही काही अडलं की. परवा फोन केलास, "मावशी, हे दीसर कोण गं? ते गेल्याचं कळल्यापासून आई धड जेवत नाहीये," आणि वर म्हणतेस, "थोडक्यात सांग." थोडक्यात! ज्या माणसाने सगळा जन्म एका लाल मैदानावर ओरडून घालवला तो थोडक्यात सांगता येतो होय? म्हणून लिहायला बसले. माझं कॉलेज एका वर्षाचं, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून आलेलं. शुद्धलेखन काढत बसू नको.

दीसर गेल्याचं तुझ्या आईला मीच कळवलं. शालन "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिच्या त्या "बरं"चा मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. उगीच गोड बोलून लिहिणं मला जमत नाही.

दीसर हे काही त्यांचं नाव नव्हे. ते आमच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायचे आणि बाकाशेजारी उभे राहून एकच शब्द ओरडायचे: "दी! दी गो, दी!" दी म्हणजे दे. पेडण्यात, डिचोलीत, पार बांद्या-सावंतवाडीपर्यंत घराघरात हाच शब्द. "माका उदक दी" असं म्हणतच आम्ही वाढलो. पण सरांच्या तोंडून तो निघायचा तेव्हा रस्त्यावरचे खनिजाचे ट्रक कच्चकन थांबतील असं वाटायचं. बॉल हातात घेऊन कुणी विचार करत उभी राहिली की त्यांच्या अंगाची आग व्हायची. "दी गो! घरा व्हरून लोणचें घालतलें?" म्हणजे घरी नेऊन लोणचं घालणार का? त्यांचं म्हणणं असं, की बॉल म्हणजे बांगडा. हातात धरून ठेवला की कुसतो. जी मोकळी दिसेल तिला ताबडतोब द्यायचा, मग ती आवडती असो की कालच तिच्याशी भांडण झालेलं असो.

मूळ माणूस पेडण्यातल्या पार्श्याचा. घरची काजूची बाग, माडांचं कुळागर. शिकायला बेळगावला गेले आणि डिग्रीबरोबर हा खेळ घेऊन आले. वडील म्हणे, "काजी राखायच्या सोडून हा टोपलीत बॉल टाकतो, आणि टोपलीला बूड नाही." कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मैदान कुठलं, नुसती लाल माती. पाळीच्या खाणीवर तुझे आजोबा, म्हणजे शालनचे वडील, ट्रक चालवायचे. माझी मावशी त्यांना दिलेली, माणूस बांद्याचा. त्यांना गाठून सरांनी खाणीच्या वर्कशॉपातून लोखंडी रिंग जोडून आणली. रेषा रोज सकाळी स्वतः चुन्याने मारायचे. संध्याकाळपर्यंत ट्रकची धूळ बसून त्या लाल व्हायच्या, सकाळी पुन्हा पांढऱ्या.

मुली मिळवायची त्यांची रीत वेगळीच होती. खेळ कुठे येतो हे ते बघतच नसत. बाजारात, देवळात, बसस्टॉपवर एखादी उंच मुलगी दिसली की छत्री काखेत मारून थेट तिच्या घरी. नार्व्याच्या देवकीचे वडील शेतावरून चिखलाच्या पायांनी आले, तर हे ओसरीवर बसून चहा पीत होते. "मला तुमची मुलगी नको," सर म्हणाले, "तिची उंची तेवढी द्या. संध्याकाळी परत आणून देतो." चड्डीत पोरी खेळणार नाहीत म्हटल्यावर म्हणाले, पायजमा घालून खेळू देत. म्हापशा-मडगावच्या मुली आम्हांला "पायजमा टीम" म्हणून हसायच्या. आणि तो पांढरा पायजमा पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंत लाल.

मीही एक वर्ष त्या पायजम्यात खेळले. मग माझं लग्न ठरलं. वाटलं, सर चिडतील. उलट लग्नाला हसत आले जेवायला. म्हणाले, "बरं झालं. पोरींबरोबर बाहेरगावी जायला लग्न झालेली बाई लागते, नाहीतर आईबाप सोडत नाहीत. आता तू आलीस की मला कोणी नाही म्हणणार नाही." माझ्या नवऱ्याकडे वळून, "तुमचें कितें म्हणणें?" आता बोहल्यावरचा माणूस काय म्हणणार! अशी मी पुढे किती तरी वर्षं टीमची मॅनेजरबाई. माझं काम म्हणजे पोरी मोजायच्या, पिना सांभाळायच्या आणि पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे घ्यायचे, ते गोल पाव. मॅच झाल्यावर उंडा आणि केळं, जिंकलो तरी आणि हरलो तरी.

आता भाषेचं ऐक, कारण सगळं तिथेच बिघडलं. सर ओरडायचे आमच्या बोलीत, आकडे मोजायचे मराठीत, सकाळी पेपर वाचायचे मराठी, सोमवारी भजनाला बसायचे ते मराठी. त्यात विशेष काही नव्हतं. इथलं प्रत्येक घर असंच होतं. चुलीशी एक आणि पाटीवर एक. कुणी विचारलंच नव्हतं कधी, की तुमची खरी कुठली?

मग विचारायला लागले. तुला नाही ठाऊक, तेव्हा गोव्याला राज्य मिळायचं होतं. दमण आणि दीव यांच्यासकट आम्ही केंद्राच्या ताब्यात. आमच्या प्रदेशाच्या टीमच्या जर्सीवर तिन्ही नावं लिहायची म्हणजे शेवटची अक्षरं काखेत जायची. राज्य होणार, होणार, पण राजभाषा कोणती? मराठी की कोकणी? एवढ्यावरून भाऊ भावाशी बोलेना. रस्त्यावर झाडं आडवी पाडली, टायर जाळले, बसवर दगड आले. आमच्या बाजूला घरोघरी मराठीचे झेंडे, पलीकडे कोकणीचे. मी स्वतः मराठीच्या मोर्चात गेले होते, लपवत नाही. मला माझी मराठी हवीच होती. पण शेजारच्याचा गळा धरून हवी होती का, हे तेव्हा कुणी विचारू देत नव्हतं.

सरांना त्या गदारोळात एकच दिसत होतं. राज्य झालं की मुलींची नवी टीम निघणार, छातीवर नुसतं "गोवा" लिहिलेली. ती पहिली टीम घेऊन बाकावर आपण बसायचं. दुसरं काही त्या माणसाने उभ्या आयुष्यात मागितलेलं मला तरी ठाऊक नाही. त्या वर्षी आंतरकॉलेज स्पर्धेच्या फायनलला आम्ही पोचलो, तेव्हा पणजीच्या निवड समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांना शब्दही दिला होता, "मास्तर, टीम तुमच्याच हातांत. फकत फायनलाक तुमच्यो चलयो कश्यो खेळटात तें सगळ्यांक दिसूं दी." चलयो म्हणजे मुली. सर घरी येऊन मला म्हणाले, "बघ, तो पण 'दी'च म्हणाला." पोरासारखे हसले.

त्या वर्षी टीम तरी काय होती! उंच फिलू, असनोड्याची ख्रिस्ती मुलगी, रिंगखाली उभी राहिली की माडासारखी. कोपऱ्यात देवकी. तिला आम्ही सगळे "देऊ" म्हणायचो. आणि मध्ये तुझी आई. शालनच्या हातात बॉल म्हणजे जिभेवर शब्द. सरांच्या ओठांतून "दी" निघायच्या आत तिचा बॉल सुटलेला असायचा.

फायनलच्या आधी आम्हां दोघांना कॉलेजच्या चेअरमननी बोलावलं. माणूस देवभक्त, देणग्या देणारा, माझ्या सासऱ्यांच्या बैठकीतला. खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाले, "मास्तर, आपलं कॉलेज कुठल्या बाजूचं आहे, ठाऊक आहे ना?"

"हय."

"मग मैदानावर कोकणी कशाला?"

"कोकणी खंय? हांव बॉल मागतां," सर म्हणाले.

"लोक ऐकतात हो. आमचीच टीम, आणि बाकावरून 'दी, दी'. पणजीवाले हसतात, म्हणतात बघा, यांच्याही पोटात कोकणीच आहे. तुम्ही 'दे' म्हणा. एक वेलांटी काढायची आणि मात्रा द्यायची, एवढाच प्रश्न."

"एवढोच आसा जाल्यार तुमी कित्याक काडटात?"

म्हणजे, एवढाच प्रश्न आहे तर तुम्ही तो काढता कशाला? चेअरमन हसले नाहीत. कप बाजूला ठेवून म्हणाले, "'दे' म्हणणार असाल तर टीमला बस देतो. नाहीतर यंदा वातावरण ठीक नाही, मुलींना बाहेर पाठवणं बरं नव्हे, असं पालकांना कळवावं लागेल."

बाहेर आल्यावर सर चुन्याच्या डब्यावर बसले. मी म्हटलं, "सर, भांडूया." ते म्हणाले, "भांडले तर मी मोठा होईन. पोरी घरी बसतील." आणि त्यांनी मान्य केलं. तुझ्या आजोबांना कळलं तेव्हा खाणीवरून आले तसेच तावातावाने म्हणाले, "आमी बांद्याक पन 'दी'च म्हनतो, आनी आमी तर म्हाराष्ट्रातले! मगे आमी कोण?"

मग सरावात "दे" सुरू झालं. जिभेला वळण लागेना. "दी" तोंडात यायचं, ते गिळून "दे" काढायचे, तोवर खेळ पुढे गेलेला. फिलू म्हणायची, "सर, तुमी आतां कीर्तनकारासारके दिसतात." पोरी हसून लोळायच्या. आणि सर "दे" म्हणाले की देवकी मान वळवायची, तिला वाटायचं तिलाच हाक मारली. त्यावरही हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते, सरावात.

पणजीच्या फायनलला माणसं दाटीवाटीने बसलेली. निवड समितीचे लोक पुढच्या रांगेत. आमचे चेअरमन त्यांच्या मागे, कान टवकारून. पायजमा टीम त्या दिवशी अशी खेळली की हसणाऱ्या पोरींची तोंडं सुकली. शेवटाला एका गुणाने मागे होतो. बॉल शालनच्या हातात, फिलू रिंगखाली अगदी मोकळी. नुसता द्यायचा होता. सर उभे राहिले. मी शेजारी होते. त्यांच्या गळ्याची शीर फुगलेली बघितली. तोंड एका शब्दासाठी उघडलं, दुसरा बाहेर आला.

"दे!"

तुझ्या आईने ऐकलं "देऊ". तिने कोपऱ्यात देवकीकडे बघितलं. देवकीवर दोघी चढलेल्या. शालन क्षणभर अडली, सर सांगतात म्हणजे काही तरी असेल असं समजून तिने बॉल तिकडेच फेकला. मधल्यामध्ये तो त्या पोरींनी उडवला. शिटी झाली. संपलं.

आता बघ हं, माणसं कशी असतात. जिन्यात ते समितीचे गृहस्थ भेटले. सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमी लेगीत? 'दे'? आमी तुमकां आमचे समजताले." म्हणजे तुम्हीसुद्धा? हात सोडला, आणि त्या हाताबरोबर शब्दही सोडला. इकडे डिचोलीत बोललं गेलं, "तोंडाने दे म्हणाला, पण मनात दी होती. मुद्दाम हरवलं." एका मात्रेने त्या माणसाला दोन्ही अंगणांतून बाहेर काढलं. चेअरमननी तर बस परतीच्या वाटेवर थांबवून देवळात नारळ फोडला. आमची भाषा मैदानावर ऐकू आली म्हणून! हरल्याचं त्यांना सुतकसुद्धा नव्हतं.

राज्य झालं. पहिली टीम निघाली. बाकावर दुसरे कोणी तरी बसले. त्यांचं नाव घेत नाही, त्यांचा काय दोष? फिलू त्या टीममध्ये होती, देवकीही होती. सर त्यांना पोचवायला पणजीच्या बसस्टँडवर गेले, मला घेऊन, उंडे-केळी घेऊन. नव्या ट्रॅकसूटमधले कोच बसच्या दारात उभे होते. म्हणाले, "पालकांनी खाली थांबावं." सर खाली थांबले. पिशवी खिडकीतून वर दिली. फिलू रडायला लागली तर तिला म्हणाले, "रडूं नाका गो, ट्रॅकसूट भिजतलो." बस गेली. आम्ही परत निघालो. साखळीचा फाटा आला तेव्हा सर म्हणाले, "जर्सी बरी शिवली आहे. अक्षरं मावली."

त्यानंतर सर ओरडले नाहीत. कधीच नाही. म्हापशाहून एक शिटी आणली आणि पुढची सगळी वर्षं शिटीवर शिकवलं. एक आखूड म्हणजे द्या, एक लांब म्हणजे थांबा. टीम जिंकत राहिली, कपाटात कप वाढत राहिले. पण नव्या पोरी त्यांना "शिटी सर" म्हणायच्या. दीसर कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नोकरी संपली तेव्हा निरोपाला शाल दिली, नारळ दिला. चेअरमननी शुद्ध मराठीत भाषण केलं, "क्रीडातपस्वी" म्हणाले. सरांना दोन शब्द बोला म्हटलं. ते उठले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, माणूस भारावला. लोकांना काहीही वाटतं.

आणि त्या भांडणाचं काय झालं विचारशील. कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा ठेवली, दोन्ही बाजूंनी गुलाल उधळला. आज चेअरमनची नातवंडं घरात इंग्लिश बोलतात. समितीच्या त्या गृहस्थांची लिस्बनला आहेत. आणि मैदानावर पोरी ओरडतात, "पास! पास!" मी कुंपणाशी उभी राहून ऐकते आणि माझं डोकं फिरतं.

आता तुझ्या आईचं. त्या दिवसानंतर शालनने बॉलला हात लावला नाही. आपल्यामुळे सरांचं गेलं, हे डोक्यात घेतलं ते घेतलंच. पुढल्याच वर्षी पुण्याचं स्थळ आलं, ती गेली. तू म्हणतेस ना, तू खेळायचीस तेव्हा आई एकदाही मॅच बघायला आली नाही? हे कारण. पण सई, सरांनी माझ्याकडे निरोप दिला होता. एकदा नव्हे, ती माहेरी आली असं कळलं की दर वेळी. "शालनाक सांग, चूक तोंडाची. कानाची न्हय." मी दर वेळी सांगितलं. ती दर वेळी म्हणाली, "तुझ्या घरचे माड यंदा कसे धरलेत?" माड! पार्श्याला जायला डिचोलीहून किती वेळ लागतो? नोकरी संपल्यावर तिथे तो माणूस गुडघे धरून ओसरीवर बसायचा आणि गाडी थांबल्याचा आवाज आला की मान वर करायचा. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, आतून म्हणायच्या, "पोदेर आसा तो." पोदेर निघायचा.

शेवटी मी गेले होते. ऐकू कमी यायला लागलेलं, बोलणं तर आधीच कमी. फिलू असनोड्याहून तिच्या दुखऱ्या पायांनी आली होती, देवकी आली होती. तीन म्हाताऱ्या आम्ही, खाटेभोवती. सरांनी आम्हांला नीट बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी गेले. कॉलेजने शोकसभा घेतली म्हणे. मी गेले नाही. मला त्या माणसांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकायचं नव्हतं.

तर हे दीसर. तू विचारलंस म्हणून सांगितलं, नाहीतर माझ्याबरोबरच गेलं असतं. हे आईला वाचून दाखव. ती उठून आत गेली तर मागोमाग जाऊन दाखव. सांग, सरांचा तिच्यावर राग नव्हता, कधीच नव्हता. राग आहे तो माझा. पण माझा राग समोरच्या माणसापुढे टिकत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. वहिनी पार्श्याला एकट्या असतात, त्यांनी सरांचं अंथरूण अजून गुंडाळलेलं नाही. आपण तिघी जाऊ. चतुर्थीची वाट बघू नका, तेव्हा घर भरलेलं असतं आणि बोलणं राहून जातं. ती आली नाही तर तू एकटी ये, पण तिला घेऊन ये. आणि लवकर या गो. म्हातारी माणसं दाराकडे फार दिवस बघू शकत नाहीत.